हौसाआत्याचा भंडारा

आमच्या भागात महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी फारसं काही घडत नाही. लोक रांगेत उभे राहतात, बोटाला शाई लावून घेतात, त्या बोटाचा फोटो काढतात आणि सुट्टी फुकट जाऊ नये म्हणून दुपारी मटण शिजवतात. जे काही घडायचं ते त्याआधी, भरलेले अर्ज मागे घ्यायच्या, म्हणजे माघारीच्या दिवशी घडतं. कोण बसलं, कुणाला बसवलं, कोण सकाळपासून फोन उचलत नाही, सगळा जीव त्या दिवसात अडकलेला असतो. हौसाआत्या मला आठवते ती त्याच दिवसामुळे. आजही ती आठवली की आधी त्या दिवसाची भीती आठवते, आणि हसू मागाहून येतं.

मी मूळचा परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्न झाल्यावर खोली शोधत दिघीच्या अंगाला एका जुन्या गावात येऊन पडलो. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही माणसं शोधत बसाल. गाव म्हणायचं ते सवयीनं. शेतं कधीच संपली होती. त्यांच्या जागी कंपन्या, गोदामं आणि आमच्यासारख्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या. हौसाआत्याच्या खोल्या समोरासमोर दोन रांगांत होत्या, मागे लष्कराची भिंत, मध्ये फरशीचं अंगण, आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर स्वतः आत्या. सत्तरीची असेल. नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि मांडीवर कायम काहीतरी निवडायला घेतलेलं. मेथी नाहीतर तांदूळ, आणि काहीच नसेल तर शेजारणीची डाळ.

खोली द्यायच्या आधी तिनं माझी मुलाखत घेतली. पगार विचारला नाही, जात विचारली नाही. माझ्या बायकोला म्हणाली, तुम्ही दोघं भांडता का? बायको गडबडली. अजिबात नाही म्हणाली. आत्याचा चेहरा पडला. मग मीच धीर करून म्हणालो, भांडतो की, काल रस्त्यातच भांडलो. त्यावर तिनं किल्ली काढून दिली. न भांडणारी माणसं मनात धरून बसतात आणि एक दिवस न सांगता खोली सोडून जातात, असा तिचा अनुभव होता.

ती स्वतः मात्र नवऱ्याशी भांडून आली नव्हती, नुसतीच आली होती. लग्न होऊन मावळात गेली, वर्षभर राहिली, आणि एका सकाळी चालत माहेरी परत आली. नवरा तिकडे अजून जिवंत होता, दुसरं लग्न करून सुखात होता, आणि ही इथे त्याच्या नावाचं कुंकू लावत होती. मंगलनं एकदा तिला विचारलं, परत का आलात? मंगल म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतली, बीडकडची, बचत गट चालवायची. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता मार, सासूचा छळ, असलं काहीतरी ऐकायला मिळणार. आत्या मेथी निवडता निवडता म्हणाली, "लग्नाचा शबुद माझ्या बापानं दिला व्हता. म्या न्हवता दिला. त्येनं दिला, त्येनं निस्तरायचा."

बाई अशी. दुसऱ्यानं आपल्या नावावर दिलेला शब्द तिच्या लेखी कवडीमोलाचा होता. पण स्वतः दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि त्यापायी ती आम्हाला वात आणायची. कोपऱ्यावरच्या पार्वतीबाईशी एकदा तिचं सांडपाण्यावरून वाजलं. होळीपर्यंत तुझ्याशी बोलले तर बापाचं नाव लावणार नाही, असं आत्या चारचौघांत बोलून गेली. मध्येच पार्वतीबाईच्या मुलीचं लग्न निघालं. आत्या लग्नघरी सगळ्यांच्या आधी हजर. पुरणाचा घाट तिनं घातला, नवरीला हळद तिनं लावली, आणि नवरीच्या आईशी मात्र अवाक्षर नाही. पार्वतीबाईला मीठ हवं असेल तर ती हवेत बघून मीठ मागायची, आणि आत्या हवेत बघून मीठ द्यायची. होळी पेटली त्या संध्याकाळी आत्या नैवेद्य घेऊन तिच्या दारात गेली आणि त्याच सांडपाण्याचं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

या खोल्यांची जागा मात्र तिची नव्हती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जमिनीला भाव आला तेव्हा धाकट्या भावानं तिच्याकडून हक्कसोड करून घेतली, जशी इथल्या घरोघरच्या बहिणींनी करून दिली. त्या बदल्यात या खोल्यांची जागा तिला तोंडी दिली. मरेपर्यंत रहा, भाडं खा. हा भाऊ म्हणजे किसनशेठ. गावात शेठ, पण आत्यानं त्याला कडेवर वाढवलेला, म्हणून तिच्या तोंडी किसना. तिचा त्याच्यावर जीव होता. तो गाडीतून जाताना दिसला तरी ती हातातलं टाकून बघत राहायची, आणि गाडी गेल्यावर म्हणायची, वाळलाय. तो चांगला शंभर किलोचा होता.

कित्येक वर्षं महापालिकेवर प्रशासक होता. निवडणूक होणार, होणार म्हणत पोरांची दाढी पिकली. शेवटी ती लागली, आणि आमच्या प्रभागातली एक जागा बाईसाठी राखीव निघाली. किसनशेठनं सून उभी केली. तिचं नाव पूनम. पोरगी तशी गुणी, शिकलेली, पण तोवर तिला आम्ही फक्त फ्लेक्सवर पाहिलं होतं, सासऱ्याच्या फोटोखाली हात जोडलेली. पक्षाचं तिकीट किसनशेठला मिळालं ते खोल्यांच्या जोरावर. गावातली जुनी घरं ती किती, पण एकेका घरामागे भाडेकऱ्यांच्या रांगा. मालक सांगेल तिकडे भाडेकरू मत देतो, असा इथला हिशेब, आणि तो फारसा कधी चुकलेला नाही. खोली टिकवायची असते माणसाला.

गावाची एक रीत होती. निवडणूक लागली की खंडोबाच्या देवळात बैठक बसायची, आणि प्रत्येक घरातलं मोठं माणूस देवापुढचा भंडारा उचलून शपथ घ्यायचं. त्याच्या छपराखाली जेवढी मतं असतील ती सगळी त्यात आली, असं धरलं जायचं. कुणी वेगळं विचारत नसे. या वेळीही बैठक बसली. आपल्या खोल्यांकडून आत्या गेली. कपाळभर पिवळी होऊन परत आली आणि खुर्चीत बसून तांदूळ निवडू लागली. किसनशेठनं त्या रात्री पक्षाच्या लोकांना सांगून टाकलं, आक्काच्या खोल्या आपल्या.

आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मंगलनं अर्ज भरला. अपक्ष.

आम्हाला कुणालाच तिनं सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही आदल्या संध्याकाळी सांगितलं. कारण विचारलं तर पाण्याचं म्हणाली. गावठाणात रोज पाणी, आणि खोल्यांना दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेचं. बचत गटातल्या बायकांना घेऊन ती किती वेळा कार्यालयात जाऊन आली होती. तिथला साहेब म्हणाला होता, तुमच्या नगरसेवकाला सांगा. मंगल म्हणाली, म्हणून म्हटलं आपणच होऊन बघावं. ती हे हसत सांगत होती, पण सांगताना अर्जाची पोच पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

त्याच संध्याकाळी किसनशेठची गाडी आमच्या दारात उभी राहिली. तो अंगणात बसलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, आक्का, तुझी भाडेकरीण हाय, तू बघ. माघारीला दोन दिवस हायेत. आत्यानं त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. भावानं तिच्या दारातला चहा नाकारण्याची ती पहिली वेळ असावी, कारण तो गेल्यावर ती बराच वेळ रिकाम्या सुपात बोटं फिरवत बसली होती.

त्यानंतरचे दिवस खोल्यांमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. गल्लीच्या तोंडाशी अनोळखी पोरं मोटारसायकली लावून बसायची. कुणी कुणाला काही करत नव्हतं. नुसती बघायची. मंगलचा नवरा कंत्राटदाराकडे कामाला होता, त्याला शिफ्टवरून मध्येच घरी पाठवलं. माझी बायको म्हणाली, आपण गावी जाऊन येऊ का चार दिवस? मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. आत्या मात्र मंगलला काहीच म्हणेना. माघार घे म्हणेना, नको घेऊस असंही म्हणेना. मंगलचा जीव त्यानंच टांगणीला लागला होता. घर आत्याचं, भाऊ आत्याचा, आणि भंडारा तर सगळ्यांदेखत उचललेला. शब्द मोडणारी ही बाई नव्हे.

माघारीचा दिवस गुरुवार होता, म्हणजे आमच्याकडची कंपन्यांची सुट्टी. सकाळी आत्यानं माझं दार वाजवलं. म्हणाली, तू रिकामा हायेस, रिक्षा आण, मंगलला घेऊन कार्यालयात जायचंय. मला वाटलं, ठरलं, आत्या तिला बसवायला नेते आहे. मंगललाही तेच वाटलं. रिक्षात ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

क्षेत्रीय कार्यालयाचा व्हरांडा माणसांनी भरला होता. दारात पोलीस, बाहेर पांढऱ्या गाड्या. तीन वाजता माघारीची मुदत संपणार होती. निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीसमोर एक बाकडं होतं. आत्यानं मंगलला मधे बसवलं आणि स्वतः तिला लागून बसली. दुसऱ्या बाजूला मला बसवलं. म्हणजे मंगलशेजारी तिसरं कुणी टेकायला जागा उरली नाही. मग कनवटीची चंची काढून निवांत पान लावायला घेतलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ती मंगलला बसवायला नव्हे, राखायला घेऊन आली आहे.

मंगलचा फोन सारखा वाजत होता. एकदा नवरा, एकदा कंत्राटदार, एकदा बीडहून भाऊ. भावापर्यंत कोण पोचलं होतं देव जाणे. प्रत्येक फोननंतर तिचा चेहरा आणखी उतरायचा. ती हात धुवायला उठली तर समोरच्या बाकावर बसलेल्या, किसनशेठच्या घोळक्यातल्या दोन बायका तिच्यामागे उठल्या. आत्या त्यांच्याही मागे गेली आणि परत आली ती मंगलच्या पुढे चालत. समोरच्या बायकांपैकी एक पार्वतीबाई होती. आत्यानं तिला पान देऊ केलं, आणि तिनं ते घेतलंही.

दोनच्या सुमारास मंगलचा धीर सुटला. उभी राहिली. म्हणाली, "आत्या, मला नाही जमायचं वो. माझ्यापायी तुमचं घर जाईल. मी सही करून येते."

आत्यानं तिला ओढून बसवलं नाही. तिच्याकडे मान वर करून बघितलं.

"तुला नको आसंल तर खुशाल घे माघार. पर माझ्या घराचं नाव करून घेऊ नगं. माझं घर म्या बघीन."

मंगल तशीच उभी राहिली. आत जायला चार पावलं होती. पोलीस तिच्याकडे बघत होता, समोरचं बाकडं बघत होतं, मीही बघत होतो. मग ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आत्या पान चघळत समोर बघत राहिली.

किसनशेठ आला तो त्यानंतर. गर्दी आपोआप बाजूला झाली. तो मंगलकडे बघितल्यासारखंही न करता थेट बहिणीसमोर आला, आणि एवढा देह सावरत तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. आवाज खालचा होता, पण व्हरांडा इतका गप्प झाला की शब्द न शब्द ऐकू येत होता.

"आक्का, भंडारा उचलला हुतास."

"उचलला की. माझ्या मताचा. माझं मत तुझ्या सुनंला."

"खोल्यांची मतं?"

"ती माझी हायेत व्हय, उचलाया? ज्येची त्येला इचार."

किसनशेठच्या कपाळावर घाम होता. त्यानं पक्षाला दिलेला शब्द त्या व्हरांड्यात, लोकांसमोर, त्याच्या हातातून निसटत होता. तो म्हणाला, "खोल्या कुणाच्या जागंवर हायेत?"

"तुझ्या."

"मंग?"

"मंग घे," आत्या म्हणाली.

मला वाटतं, तिनं रडावं, भांडावं, लहानपणची आठवण काढावी, अशी त्याची अपेक्षा होती. भांडली असती तर त्याला पुढचं बोलता आलं असतं. तिनं ‘घे’ म्हटलं आणि बोलणंच संपलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि गर्दीतून बाहेर गेला. तीन वाजेपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला माहीत. शेवटी आतून शिपाई आला आणि त्यानं दार लावून घेतलं.

परतताना रिक्षात मंगलनं आत्याचा हात धरला. काहीतरी बोलणार होती. आत्याच आधी बोलली. म्हणाली, माझं मत तुला न्हाई हां, आधीच सांगून ठिवते, मागनं रुसू नगंस. मंगल रडत होती ती रडता रडता हसायला लागली, आणि रिक्षावालाही आरशातून बघून हसला.

आत्यानं बोलल्याप्रमाणे केलं. मतदानाच्या दिवशी केंद्रातून बाहेर आली, किसनशेठच्या टेबलापाशी थांबली आणि दिलं म्हणून सांगितलं. त्यानं मान हलवली. खोटं बोलतेय असं त्याच्या मनातही आलं नसणार. तेच त्याला जड जात असावं.

पूनम निवडून आली. मंगल पडली, पण आमच्या खोल्यांनी आणि शेजारच्या रांगांनी तिला अशी मतं दिली की विजयी मिरवणूक जेसीबीतून गुलाल उधळत आमच्या गल्लीवरून गेली तेव्हा जरा घाईनंच गेली. आता किसनशेठ काय करतो, या चिंतेत आम्ही सगळे होतो. त्यानं काहीच केलं नाही. सून जिंकली होती, राग निवळला होता. झालं गेलं विसरून जावं, असं त्याला वाटत असणार. तसा निरोपही त्यानं पार्वतीबाईकडून पाठवला.

पण आत्या विसरणारी नव्हती. ती ‘घे’ म्हणाली होती. दोन गल्ल्या पलीकडे तिनं स्वतःसाठी एक खोली भाड्यानं बघितली. आम्ही सगळ्यांनी समजावलं. माझी बायको तर तिच्याशी भांडली. मंगल पायाशी बसून राहिली. आत्याचं एकच. बोलून गेले, आता निघाया पायजे. सामान ते काय, एक पत्र्याची पेटी, गोधड्या, चार भांडी. आम्ही भाडेकऱ्यांनीच डोक्यावर घेतलं.

निघाली ती मात्र सरळ नव्या खोलीकडे गेली नाही. आधी भावाच्या बंगल्याकडे वळली. आम्ही सामान घेऊन मागे. किसनशेठ ओट्यावर पेपर वाचत होता. आम्हाला बघून उभा राहिला.

"मी कुठं जा म्हणालो, आक्का?"

"जागा कुणाची म्हणालास. आन् म्या घे म्हणाले. ते ऱ्हाऊ दे. माह्यारातनं लेक निघालीय, वटी भराया सांग."

आमच्यापैकी कुणाला कुठे बघावं कळेना. पंधरा-सोळा वर्षांची असताना याच जागेवरच्या जुन्या घरातून ती एकदा ओटी घेऊन गेली होती. आता सत्तरीत, दोन गल्ल्यांसाठी, पुन्हा मागत होती. किसनशेठचा हात खांबावर होता. आतून पूनम आली. फ्लेक्सवरच्यापेक्षा लहान दिसत होती. तिनं काही विचारलं नाही. सूप, तांदूळ, नारळ, खण घेऊन आली, आत्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरली. भरताना तिचे डोळे वाहत होते. वाकून नमस्कार केला. ओटीतले चिमूटभर तांदूळ आत्यानं रीतीप्रमाणे परत सुपात टाकले, माहेर भरलेलं राहावं म्हणून, आणि उठली.

पुढच्याच आठवड्यात आम्ही कंपनीजवळ म्हणून महाळुंग्याला राहायला गेलो. आत्याला मी त्यानंतर पाहिलं नाही. तिच्या जाण्याचं कळलं तेव्हा मी रात्रपाळीला होतो, आणि मशीनच्या आवाजात मला रडता आलं, याचं बरं वाटलं. डोळ्यांसमोर आहे ती त्या दिवशीची, फाटकाबाहेर पडलेली, दोन्ही हातांनी भरली ओटी सावरत चाललेली. ड्रेनेजसाठी मध्यभागी उकरून ठेवलेला रस्ता, कडेनं जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. आणि मागे, फाटकाला धरून, किसनशेठ.

"आक्का," तो ओरडला. आवाज चिरकला होता. "जपून जा. रस्ता खणलाय."

आत्या थांबली. वळली. पूनम सासऱ्याच्या मागे उभी होती, तिच्याकडे तिनं हनुवटीनं खूण केली.

"दिसतंय मला. तिला सांग बुजवाया. म्या मत दिलंय तिला."